तुमच्या माघारी पहिला शनिवार

आत्या, तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे तुम्हाला ऐकू जायचं नाही. मेलेलं माणूस झोपलेलं असतं, त्याला काही कळत नाही, प्रभू येऊन हाक मारेल तेव्हाच ते उठेल, हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता लिहायला बसले तरी तुमचाच आवाज कानात येतो. "कुनाशी बोलून राहिलीस, सुनंदा? इथं कोन हाय ऐकाया?" पण तुमचं सगळं ऐकायचं अशी आपली रीत कधी नव्हतीच. तुम्ही सासू, मी सून; सासूला आत्या म्हणायचं एवढं सोडलं तर आपलं कशावरच एकमत झालं नाही. तेव्हा तुम्हाला ऐकू न येवो, मी बोलणार.

आज शनिवार आहे. सोमवारी तुम्हाला माती दिली, त्यानंतरचा हा पहिला. मी ओट्यावर बसले आहे, तुमच्या जागेवर नाही, थोडी अलीकडे. गॅस पेटवलेला नाही. झाडलोट, धुणं काल उरकलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलीय, त्यामुळे मला पळून जायलाही कुठे नाही. आणि तुमचा लेक, दाविद, पहाटेच गाडी घेऊन गेलाय. तुम्ही होता तोवर या दारातून शनिवारी जीप हलली नव्हती. आज हलली. त्याच्या डोळ्यांवर कितीतरी दिवसांची झोप आहे, लगीनसराईच्या खेपा संपत नाहीत, आणि मला त्याला अडवता आलं नाही. मी घाबरले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाण्यासारखं काही बोलले तर ते तुम्ही फार मनावर घेणार नाही.

लग्न होऊन इस्लापूरला आले तेव्हा वाटलं होतं, ख्रिस्ती घरातून ख्रिस्ती घरात जाते आहे, फरक तो काय पडणार. आम्ही उदगीरचे रविवारवाले. सकाळी उपासना, दुपारी मटण, संध्याकाळी पाहुणे, झाला देवाचा दिवस साजरा. तुमच्याकडे शुक्रवारी दुपारपासूनच घर अंगात आल्यासारखं धावायचं. पाणी भरा, कपडे इस्त्री करून दांडीवर टाका, आणि दुधात पीठ मळून चवडभर दशम्या करा, कारण त्या दुसऱ्या दिवशी टिकतात. सोबत पाट्यावरची शेंगदाण्याची चटणी. मग शनिवारी चूल नाही, बाजार नाही, सुईदोरा नाही, गाडी नाही. चहा तर तुमच्या मंडळीत उरलेले सहा दिवसही नाही. पहिला शनिवार मी डोकं धरून काढला. दुसऱ्या शनिवारी सरळ उठले, गॅस लावला आणि आलं घालून चहा उकळला. आता सासू उठणार आणि तोंड सोडणार अशी तयारी करून बसले होते. तुम्ही ओट्यावरून नुसतं म्हणालात, "वास बरा येऊन राहिला." मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा तुम्ही शिव्या दिल्या असत्या तरी आला नसता.

तसं तुम्ही कधीच कुणाला अडवलं नाही. मी नवऱ्याला अरेतुरे करते म्हणून शेजारणी तुमचे कान भरायच्या, तर तुम्ही म्हणालात, "करू द्या, त्यो बी तिला आवो-जावो करत न्हाई." शनिवारी सकाळची शाळा असायची, मी पर्स घेऊन तुमच्या समोरून निघायचे, तुम्ही पाय आवरून मला वाट द्यायच्या. बस. एवढंच. आणि मी शाळेत फळ्यावर लिहिताना सकाळभर तुमचे ते आवरलेले पाय बघत राहायचे.

भांडायचो ते सूर्यावरून. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे तुमचा देवाच्या विसाव्याचा दिवस, लागतो आणि शनिवारी मावळला की सुटतो, एवढं सरळ आहे. पण आपलं घर डोंगराच्या पायथ्याशी. आपल्या अंगणातून सूर्य दिसेनासा होतो तेव्हा बाहेर नांदेडच्या रस्त्यावर चांगलं ऊन असतं. मी तुम्हाला मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ काढून दाखवली. म्हटलं, अजून अर्धा तास आहे, ती भांडी घासून घेऊ. तुम्ही मोबाईल हातात घेतलात, लांब धरून पाहिलात आणि म्हणालात, "याला डोंगर दिसतो का?" झालं, भांडी तशीच. बरं, शनिवारी संध्याकाळी त्याच डोंगराआड सूर्य गेला की सुटायला हवं होतं ना? तेव्हा डोंगर चालायचा नाही. तेव्हा आकाशात चांदणी दिसली पाहिजे. म्हणजे सुरुवात लवकर आणि शेवट उशिरा. मी म्हटलं, दुकानदार गिऱ्हाइकाला काटा मारतो तसा तुम्ही आठवड्याला काटा मारता. तुम्ही खूश होऊन म्हणालात, "मारते की. सहा दिस त्यो मला मारतोय."

पण शुक्रवारी ऊन कलायला लागलं की तुमची ही गंमत पार निघून जायची. दाविद गाडीवर असायचा. तुम्ही दारात उभ्या राहायच्या, एक हात चौकटीला. ती त्याची काळीपिवळी जीप वळणावर दिसेपर्यंत आत यायच्या नाहीत, बसायच्या नाहीत, माझ्याशी बोलायच्या नाहीत. लोकांना वाटायचं, म्हातारी शब्बाथाची वाट बघतेय. मी जवळून बघितलंय. तो चेहरा प्रार्थनेचा नव्हता. ऑपरेशन चालू असताना दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बाईचा असतो, तसा होता. गाडी दिसली की तुम्ही एकदम सैल व्हायच्या आणि आत येऊन पाणी प्यायच्या.

मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मला दाविदने सांगितलं, तुम्ही नाही. मामा किनवटहून बांबूच्या लॉऱ्या चालवायचे. खेपेवर खेप, झोपायला फक्त लॉरी भरत असताना मिळेल तेवढं. एका शनिवारी, भर दुपारी, रिकाम्या सरळ रस्त्यावर त्यांची लॉरी नाल्यात गेली. ब्रेकच्या खुणासुद्धा नव्हत्या म्हणे. दाविद तेव्हा दुसरीत. तोवर तुम्हीही आमच्यासारख्याच रविवारवाल्या होता. त्यानंतर तुम्ही किनवटच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात शनिवारी जाऊन बसायला लागलात आणि लेकाला घेऊन शब्बाथ धरलात.

हे कळल्यावर माझ्या हातात चांगलंच हत्यार आलं. एका शुक्रवारी तुम्ही दशम्या थापत होता आणि मी काहीतरी कारणाने चिडलेली होते. म्हणाले, "आत्या, तुमचा शब्बाथ देवाचा नाहीच. भीतीचा आहे. नवरा ज्या वारी गेला तो वार तुम्ही कुलूप लावून ठेवलाय." बोलल्यावर वाटलं, जरा जास्तच झालं. तुमचा हात थांबला नाही. दशमी तव्यावर टाकलीत, बोटांनी फिरवलीत. "हाव," म्हणालात, "भ्याले म्हनूनच धरला. मग?"

मी पिठाचा डबा उगाचच लावून ठेवला. तुम्हीच थोड्या वेळाने म्हणालात, "लोक म्हनतेत, झोपला म्हनून मेला. झोपला न्हाई म्हनून मेला, बाई." आणि पुढे काहीतरी सांगणार होता. पण बाहेर वळणावर जीपचा आवाज आला आणि तुम्ही पीठ माखल्या हाताने तशाच दाराकडे गेलात. ते बोलणं तिथेच राहिलं. मला वाटलं, पुन्हा कधीतरी भांडू तेव्हा निघेल. आपल्याला भांडायला काय, आठवड्याला एक शनिवार होताच.

मग तुमचा श्वास फुलायला लागला. नांदेडला नेलं. दाविद दिवसा लग्नांची भाडी करायचा आणि संध्याकाळनंतर तुमच्या खाटेजवळ स्टुलावर बसायचा. बसून झोपायचा, दचकून उठायचा. गेल्या शनिवारी जीप दवाखान्याच्या आवारात उभी, दाविद तिच्यातच जरा पडलेला, आणि मी एकटीच होते तुमच्याजवळ. रक्ताचे रिपोर्ट आणायचे होते, एक औषध खालच्या मेडिकलमध्ये मिळत नव्हतं ते बाहेरून आणायचं होतं, डॉक्टर राउंडला येऊन गेले का ते बघायचं होतं. तुम्ही माझी ओढणी धरलीत. "बस जरा. शनिवार हाय."

"रिपोर्ट आणायचेत, आत्या."

"आनशील. आदी बस."

"तुमच्या देवाला सांगा आणायला," मी म्हणाले. तुम्ही हसलात. आवाज आला नाही, नुसते ओठ हलले. मी ओढणी सोडवून घेतली आणि गेले.

याची मी माफी मागत नाही. रिपोर्ट आणायलाच हवे होते आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा जाईन. पण रिपोर्ट आणून दिल्यावरही मी बसले नाही. बाटली भरली, चादर सरळ केली, नर्सला दोनदा विचारलं, नळ गळत होता तो घट्ट केला. मला वाटत होतं, मी काहीतरी करत राहिले तर तुम्ही जाणार नाही. हात थांबले की तुम्ही जाल. तुम्ही मला बघत होता, आणि आता मला पक्कं वाटतं की तुम्हाला ते कळत होतं. रविवारी पहाटे तुम्ही गेलात. तुमचा शनिवार संपवून गेलात, चांदणी दिसल्यानंतर. मला हसू आलं, आत्या, खरंच. तिथे वॉर्डात रडता रडता हसू आलं की या बाईने मरतानाही काटा मारला.

दाविद रडला नाही. माती देऊन आला, कपडे बदलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपला पाणी मारत उभा. त्याच दिवशी भाड्याला गेला. मी म्हटलं, जाऊ दे, माणूस कामात विसरतो. पण तो विसरत नव्हता, आत्या, तो हळूहळू कुठेतरी नाहीसा होत होता. जेवताना ताटात हात ठेवून झोपून जायचा. मी काही विचारलं नसताना "हाव" म्हणायचा. एका संध्याकाळी जीप दारात येऊन उभी राहिली आणि तो उतरेचना. इंजिन चालू. मी काचेशी जाऊन उभी राहिले. डोळे उघडे होते, समोर बघत होता, आणि त्याला मी दिसत नव्हते. काच वाजवली तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपण कुठे आहोत ते मी सांगायचं होतं.

परवा डाव्या बाजूचा आरसा नव्हता आणि दारावर लांब ओरखडा होता, त्यात झाडाची साल अडकलेली. म्हटलं, कुठे घासली? म्हणाला, घासली का? त्याला माहीतच नव्हतं. मी तेव्हा मामांच्या त्या सरळ रस्त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि दुसरा कसलाच विचार करू शकले नाही. स्टँडजवळच्या गॅरेजवाल्या शब्बीरभाईंनी नवा आरसा बसवला. मी दुकानातून येत होते तर त्यांनी हात पुसत मला थांबवलं. "भाभी, गाडी कू कुछ नई हुआ," म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात, "गाडीवाले कू सुलाओ."

कसं सुलवायचं? तुम्हाला जमायचं, काही न बोलता. मला बोलल्याशिवाय काही येत नाही. म्हणून काल मी तुमचं सगळं केलं. पाणी भरलं, इस्त्री केली, दुधात पीठ मळलं. माझ्या दशम्या तुमच्यासारख्या मऊ होत नाहीत, कडा तडकतात, पण केल्या. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा मी दारात उभी होते. हात चौकटीला होता. शेजारची मुलगी दळण घेऊन जाताना माझ्याकडे बघून नजर खाली घालून गेली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा चेहरा कसा दिसत असेल.

तो दिवेलागणीनंतर आला. मी ताट वाढलं आणि म्हटलं, "उद्या जाऊ नको."

"विष्णुपुरीला लगीन हाय. इथून वऱ्हाड पोचवायचं हाय. मग भोकरचं दुसरं हाय."

"उद्या शनिवार आहे."

त्याने मान वर केली. किती दिवसांनी त्याने माझ्याकडे नीट बघितलं असेल. "तूच म्हनायचीस ना," तो म्हणाला, "देव काय मुकादम हाय का, हजेरी घ्यायला?"

माझंच वाक्य. शब्द न् शब्द. आणखीही निघाली मग. शब्बाथ हा रिकाम्या माणसांचा धंदा आहे. एक दिवस गाडी बंद ठेवून कुणाचं भलं झालंय. तुमच्या समोर दहा वर्षं मी जे जे बोलले ते या माणसाने मुकाट्याने ऐकून पाठ करून ठेवलं होतं, आणि तुम्ही गेल्यावर पहिल्याच शुक्रवारी मला परत दिलं. मी जिंकले, आत्या. बघायला पाहिजे होतं तुम्ही.

"दाविद, तुला झोपेची गरज आहे," एवढंच मला सुचलं.

"घरी बसून काय करू?" तो म्हणाला. "आईची ती खाट दिसते."

दशमीचा त्याने एकच तुकडा खाल्ला. खाटेकडे पाठ करून, भिंतीला टेकून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. मला त्याला आडवं करायचंही धाडस झालं नाही, उठून चालायला लागेल या भीतीने.

पहाटे तो अंघोळ करून बाहेर आला तेव्हा मी इथे ओट्यावर बसलेली. त्याने आत डोकावलं, गॅसकडे पाहिलं. "चहा न्हाई?"

"नाही आज."

"तू कामून बसलीस?"

"शनिवार आहे म्हणून."

किल्ली हातात घेऊन तो उभा राहिला. खरं सांगते, बराच वेळ उभा राहिला. मी पाय आवरले, तुम्ही आवरायच्या तसे. मला वाटलं, आता बसेल. तुमच्या समोर तो कितीतरी वेळा असाच उभा राहून शेवटी बसलाय. पण मग त्याचा फोन वाजला, वऱ्हाडवाल्यांचा, आणि तो गेला. जीपचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला आणि मग कोंबड्यांचा तेवढा उरला.

इथे माझं पितळ उघडं पडलं. दशम्या, न पेटवलेला गॅस, हा ओटा, हे आवरलेले पाय, सगळा सापळाच होता. तुमचं सोंग घेऊन मी त्याला पकडायला बसले होते. तो सापडला नाही, तेव्हा उठून चहा करायला काय हरकत होती? ज्याच्यासाठी मांडलं तोच निघून गेला. मी उठायला हात टेकले सुद्धा. आणि उठले नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. थकले होते, हे एक. आणि उठून जे जे करणार होते ते मला दिसलं: चहा, भांडी, मग पुन्हा झाडू, मग कपाट आवरणं, मग त्याला फोन. तो गाडी चालवत असताना फोन.

तेव्हापासून बसले आहे. लिहिणं हे काम धरायचं की नाही यावर आपलं चांगलं भांडण झालं असतं. दर शनिवारी उभ्या जीपच्या सावलीत ते लाल कुत्रं झोपायचं ना, ते मघाशी आलं. जिथे जीप असते तिथे उन्हात उभं राहिलं, जमीन हुंगली आणि निघून गेलं. वारा तापलाय. रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की माझी मान वळते, नाही वाजली तरी वळते.

बसणं अवघड आहे, आत्या. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी समजत होते, म्हातारीला आराम आहे. हात मांडीवर ठेवले आणि लगेच मी हिमायतनगरच्या रस्त्याला लागले. ते खड्ड्यांचं वळण, तो अरुंद पूल, समोरून येणारे ट्रक. मी इथे बसून त्याची जीप चालवते आहे. पायाने ब्रेक दाबते आहे, अगदी खरोखर, अंगठा दुखायला लागलाय. मी विचार करायचं थांबवलं तर तो डुलकी घेईल, असं मला वाटतंय. दवाखान्यात वाटत होतं तसंच.

आणि मग मला ते कळलं, आत्या, म्हणजे कळलंय असं वाटतं. तुम्ही शनिवारी चूल आणि बाजार बंद करायच्या, ते सोपं होतं, ते कुणीही करेल. तुम्ही हे बंद करायला बसायच्या. मामांची लॉरी तुम्ही किती वर्षं मनातल्या मनात चालवली असेल, त्या सरळ रस्त्यावर, पुन्हा पुन्हा, त्यांना जागं ठेवत. शुक्रवारी दारात उभ्या राहून तुम्ही दाविदची जीप चालवायच्या. आणि मग सूर्य गेला की स्टिअरिंग सोडायच्या. भीती जायची म्हणून नव्हे. भीती तशीच असायची, मी तिला तुमच्या शेजारी बसलेलं पाहिलंय. पण एक दिवस तुम्ही म्हणायच्या की माझ्या हातात ती गाडी नाहीच, कधी नव्हतीच, आणि ज्याच्या हातात आहे त्याच्याशी मी आज भांडणार नाही. "भ्याले म्हनूनच धरला. मग?" मग हे. हेच सांगणार होता ना? की मी माझंच काहीतरी तुमच्या तोंडी घालतेय? तुम्ही नाही म्हणायला आता येणार नाही, त्याचा फायदा घेते.

उरलेलं काम उरलेलं ठेवून पडायचं, आणि कुणीतरी उठवेल यावर भरवसा. मरणाबद्दल तुम्ही हेच सांगायच्या. म्हणजे दर आठवड्याला तुम्ही त्याचीच तालीम करत होता, आणि मी आतून चहाचा वास सोडत होते. तुमची मला फार आठवण येतेय. तुमच्यावर प्रेम होतं हे मी एकदाही बोलले नाही, कारण तसं बोललं असतं तर पुढचं भांडण कसं झालं असतं?

मला अजून तुमच्याइतकं जमत नाही. जीपच्या मागच्या दारावर तुमचाच नंबर रंगवलेला आहे, कारण चालवताना दाविदने फोन उचलायचा नाही हा तुमचा हुकूम होता आणि भाडी तुम्ही ठरवायच्या. शनिवारी तो फोन बंद. आज तो माझ्या शेजारी ओट्यावर आहे. बंद करायचं बटण मी दाबून धरलं आणि सोडलं. मला ऐकायचं आहे. काहीही असलं तरी मला ऐकायचं आहे.

इथपर्यंत लिहिलं होतं आणि फोन वाजला.

नंबर ओळखीचा नव्हता. मी उचलला. मागे वाहनांचे आवाज होते. एक माणूस म्हणाला, "काळीपिवळीवाल्याच्या घरून बोलता का? गाडीवर नंबर लिवलाय, म्हनून लावला."

मी हो म्हणाले, किंवा म्हणाले असेन.

"भोकरच्या अलीकडं गाडी उभी हाय बघा. रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली. दार उघडं हाय. मानूस एकटाच आत हाय, मागच्या शिटावर." तो थांबला. "हाका मारल्या, हलवून पाहिलं. उठत न्हाई, बाई."

आत्या, त्या वेळी मी काही मागितलं नाही. रडले नाही, देवाला काही बोलले नाही. ओटा माझ्या हाताखाली गरम होता, तेवढं आठवतंय. मग मी विचारलं, "श्वास?"

पलीकडे पावलं वाजली, दार कुरकुरलं. मला वाटलं, तो परत येणारच नाही फोनवर.

"न्हाई वो, तसलं काय न्हाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसू होतं. "घोरून राहिला. लई मोठ्यानं. उशीला चप्पल घेतलीया. गाडी बी नीट कडेला लावलीया, चाकाला दगड हाय. पर त्याचा फोन सारखा वाजून राहिला, वऱ्हाडवाले हायत जनू. म्हनून म्हटलं, घरच्यांला इचारावं. तोंडावर पानी मारून उठवू का?"

ऊन अजून डोक्यावर होतं. डोंगरापर्यंत जायला सूर्याला पुष्कळ वाट होती.

"नका उठवू," मी म्हणाले. "झोपू द्या त्याला."